यमनला एफ कॉर्ड चालत नाही

आज दुपारभर टॅबवर गॅरेजबँड हे संगीत बनवायचं अ‍ॅप उघडून बसलो होतो. आई स्वयंपाक करताना यमन रागातली एक जुनी चाल गुणगुणते, त्या चालीमागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, लावायच्या होत्या. आईचा सा पांढरी एक, म्हणजे सी. म्हणून अ‍ॅपमधली 'की' (सुरांचा संच) सी मेजर ठेवली आणि आठ बारच्या (तालाच्या आठ गटांच्या) तुकड्यात सी, ए मायनर, एफ, जी हे नेहमीचं चक्र भरलं. पण एफ आली की चाल कोमेजायची.

कारण सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. एफच्या पायाशीच शुद्ध मध्यम आहे, आणि यमनचा जीव तीव्र, म्हणजे अर्धा सूर चढ्या, मध्यमात! तिथे डी मेजर हवी: रे, तीव्र म, ध. अ‍ॅपमधल्या सी मेजरच्या कॉर्ड-पट्ट्यांत मात्र डी मायनरच मिळते. मग 'की' जी मेजर केली. सात सूर यमनचेच, फक्त षड्ज सीवर धरायचा. आणि समोर डीची पट्टी हजर!

रात्री आईच्या कानाला हेडफोन लावला. डी वाजली तिथे डोळे मिटून म्हणाली, "हं, आता ओळखीचं वाटतंय."

उद्या ऑटोप्ले (अ‍ॅपचं आपोआप वाजवणं) बंद करून बोटांनीच वाजवणार. ती श्वास घेते तिथेच कॉर्ड बदलायला हवी.