आकडे बोलले की

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही. स्वयंपाकघरात बसून टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकतेय, शेजारी जागे होणार नाहीत इतपत हळू.

आज तिचे हात थांबले. माझ्यामुळे थांबले.

तसं पाहिलं तर काहीच घडलं नाही. पाच ते सहाचा छोट्यांचा फ्लामेंकोचा वर्ग, नेहमीचे दहाजण. आधी मनगटं: सफरचंद तोडा, खा, फेकून द्या. हात असेच वळायला शिकतात, आणि याहून चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही. मग तांगोस या तालाचे चार ठोके, प्लांता-ताकोन, प्लांता-ताकोन, चवडा आणि टाच. अजून सगळे घरच्या साध्या बुटांत आहेत. खिळ्यांचे बूट मी नाताळपर्यंत घेऊ देत नाही, पालक कितीही मागे लागले तरी. तो आवाज एकदा पायाखाली आला की मुलं त्यालाच भुलतात आणि शेजारच्याचं ऐकणं बंद होतं.

शेवटची दहा मिनिटं जमिनीवर गोल करून बुलेरिया, तो जलद ताल. नाच नाही, नुसत्या टाळ्या, तळहात पोकळ ठेवून, दबक्या. बाराचं आवर्तन. मोजताना इथे सेव्हियात अकरा-बारा म्हणत नाहीत, ते शब्द लांब पडतात. दहानंतर पुन्हा ‘उन, दोस’, एक, दोन. जोर तीनवर, सहावर, आठवर, दहावर आणि त्या शेवटच्या दोसवर. मी मोठ्याने मोजत होते, माझ्यामागून मुलं मोजत होती. त्यांतली एक, ती, मोजत नव्हती. डोळे मिटून वाजवत होती आणि एकही टाळी इकडची तिकडे नव्हती. सहानंतर, जिथे बाकीचे हटकून घसरतात, तिथून ती अशी गेली की जणू तिथे वळणच नाही.

आणि मी म्हटलं, "तोंडाने मोज गं. मोठ्याने."

तिने सुरुवात केली. तीनची टाळी चारवर पडली. पुढची कुठे पडली ते मलाही कळलं नाही. मग हात मांडीवर. म्हणाली, "सेन्यो (बाई), आकडे बोलले की मला ऐकू येत नाही."

मी "बरं बरं, पुन्हा" म्हणून पुढे गेले. वर्ग सुटेपर्यंत तिने टाळी वाजवली नाही.

बाहेर बाकावर तिच्या आजी होत्या. मंगळवार-गुरुवार शहराच्या कडेच्या पोलिगोनो वस्तीतून बसने येतात. जन्म इथला, या त्रिआना भागातला, काव्हा नावाच्या वस्तीतला, वर्गापासून चार गल्ल्यांवर. 1950-60च्या दशकांत इथली जितानो, म्हणजे रोमा लोकांची, घरं उठवून शहराच्या कडेला नेली, त्यात त्यांचंही गेलं. आता नातीला बसने इथे आणायचं, फी भरायची, आणि शिकवायला कोण, तर पुण्याहून आलेली... नाही, हे आज लिहायचं नाही. आजींना सांगायला हवं होतं, की आज मी तिला चुकवलं. बसची वेळ झाली होती.

मोजणं माझ्याच्याने सुटत का नाही? पुण्यात कथकच्या बाईंकडे आधी पढंत, मग पाय. हातावर ताल धरून बोल म्हणता आला नाही तर घुंगरू बांधायची परवानगी नव्हती. तोंडात नाही ते पायात नाही, हे सात वर्षांची असल्यापासून ऐकत आले. इथे आल्यावर पहिल्यांदा सोलेआ, फ्लामेंकोचा तो संथ ताल, ऐकली तेव्हा किती हायसं वाटलं होतं! बाराच मात्रा, आपल्या एकतालाएवढ्या. पण आपण समेवर येतो, पहिल्या मात्रेवर. सोलेआ दहावर पोचते, आणि उरलेल्या दोन मात्रा श्वासाच्या. तीन वर्षं माझा पाय एकवर जाऊन पडायचा. मोजून मोजूनच त्याला आवरलं. मोजलं नसतं तर या गावात चारचौघांत टाळी वाजवायची हिंमत झाली नसती.

चौदा वर्षं झाली. एप्रिलच्या फेरियात, इथल्या जत्रेत, पहाटे कुणी बुलेरिया सुरू केली की बायका गप्पा मारता मारता वाजवतात, पोराचं नाक पुसतात, पुन्हा वाजवतात. मी तेव्हा कुणाशी बोलत नाही. बोलले तर सुटेल. लोकांना वाटतं मी रंगून गेलेय. इतकी वर्षं, आणि तिच्यासारखे डोळे मिटून दोन आवर्तनंसुद्धा नाहीत. मगाशी भांडी घासताना रडू आलं ते यामुळेच.

पण मग उरलेल्या नऊजणांचं काय? त्यांच्या घरी कुणी जेवणाच्या टेबलावर कोंपास, म्हणजे तालाचं आवर्तन, ठोकत नाही. त्यांना आकडे लागतात. सहानंतर मूल का घसरतं ते मला नेमकं ठाऊक आहे: तोवर टाळी तीन-तीन मात्रांनी येते, आणि तिथून पुढे दोन-दोनने यायला लागते. मी तिथेच पडत होते. किती वेळा पडले, कशी उठले, सगळं आठवतं. ते त्यांना शिकवता येतं मला, आणि चांगलं शिकवता येतं. हे माझंच आहे, आणि त्याची मला लाज नाही.

फक्त तिला ते द्यायला नको होतं.

आत्ता न मोजता ठोकून पाहिलं. पहिलं आवर्तन बरं गेलं. दुसऱ्यात आठच्या आसपास ओठ हलायला लागले.

गुरुवारी सगळ्यांना आरशाकडे पाठ करून बसवेन. पाच मिनिटं आकडे, पाच मिनिटं तोंड बंद. तो चष्मेवाला, जो दरवेळी सहानंतर थांबून माझ्याकडे बघतो, त्याला तिच्या उजवीकडे बसवायचं. डावीकडे मी बसेन.