शिंगरू जवळ, तरच पान्हा

घोडीच्या कासेत एका वेळी जेमतेम दीड-दोन लिटर दूध मावतं. सड दोनच, तेही आखूड, आणि प्रत्येकाला बहुधा दोन-दोन छिद्रं. कास भरली की पुढचं दूध तयार होणं मंदावतं. त्यामुळे म्हशीसारखं सकाळ-संध्याकाळ धार काढायची म्हटलं तर हाती फारसं लागत नाही. कझाकस्तान, किरगिझस्तान, मंगोलिया इथे घोडीच्या दुधाचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तिथे दर दोन-अडीच तासांनी, दिवसातून चार-सहा वेळा धार काढतात, आणि ती शिंगरू शेजारी ठेवून. वडोदऱ्याच्या आसपास, सावली, डभोई, पादरा या तालुक्यांकडे काठियावाडी घोड्यांवर हे करून पाहायचं असेल तर सगळी आखणी या दोन गोष्टींभोवती करावी.

आधी हिशेब. आपल्या शेजारी आणंद आहे, 1946 पासून दुधाचा पैसा तिथे मोजला जातो, आणि गावच्या सहकारी दूध मंडळीत भाव ठरतो तो फॅटवर. घोडीच्या दुधात फॅट 1 ते 1.5 टक्के, प्रथिनं 2 टक्क्यांच्या आसपास, लॅक्टोज मात्र 6 ते 7 टक्के. म्हशीची फॅट 7 च्या घरात असते, म्हणजे मंडळीच्या काट्यावर घोडीचं दूध पाणीच ठरणार. केसिन हे दही-पनीर घडवणारं प्रथिन कमी असल्यामुळे घट्ट दही लागत नाही, पनीर पडत नाही, साय धरत नाही. कुमिस हे त्याचं पारंपरिक आंबवलेलं पेय, पण यीस्टमुळे त्यात 1 ते 2.5 टक्के अल्कोहोल येतं. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा तो विचार इथे करूच नये. उरतं ते थंड केलेलं किंवा गोठवलेलं दूध, थेट गिऱ्हाइकाला. गिऱ्हाईक आणि परवाना या दोन्हींची चौकशी घोडी घेण्याआधी करा.

काठियावाडी किंवा मारवाडी घोडी दुधासाठी निवडून पैदास केलेली नाही. कझाकांची जाबे किंवा रशियातली बाश्कीर घोडी दुधासाठी पाळली गेली, तसं आपल्याकडे झालेलं नाही. म्हणून निवड आपल्यालाच करावी लागते. कानांची कमान आणि चाल बाजूला ठेवून कास बघा. वाटीसारखी गोल, पोटाला घट्ट चिकटलेली, सड चिमटीत धरता येतील इतके लांब आणि एकमेकांपासून दूर. मागच्या पायाला हात लागताच लाथ झाडणारी घोडी कितीही दूध देत असली तरी घेऊ नये. दुधाचा खरा दाखला शिंगराच्या वजनात असतो. पहिल्या महिन्यात एक किलो वाढीमागे साधारण 10 लिटर दूध धरतात. शिंगरू महिन्यात 30 किलोने वाढलं तर घोडी रोज 10 लिटरच्या आसपास देते. ज्या घोडीची दोन-तीन शिंगरं अशी भरली, तिच्याच माद्या पुढे ठेवाव्यात. वळू निवडतानाही त्याच्या आईची कास विचारावी, हे फार कमी लोक करतात.

घोडी सुमारे 340 दिवस गाभण असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, पावसाळ्यात चिखल आणि माश्या. रजक्याच्या, म्हणजे लसूणघासाच्या, भरघोस कापण्या हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतात. म्हणून माझ्या मते डिसेंबरअखेर वेत धरणं सर्वांत सोयीचं. त्यासाठी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घोडी भरवावी लागते. अडचण अशी की लहान दिवसांत पुष्कळ घोड्या माजावर येत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापासून सुमारे 60 दिवस सूर्यास्तानंतर पाचेक तास पागेत दिवा लावला, म्हणजे एकूण उजेड 16 तासांचा केला, तर बहुतेकींचं चक्र सुरू होतं. उजेड पेपर वाचता येईल इतका हवा. मधल्या दोन-तीन रात्री दिवा विसरलात तर मेहनत वाया जाऊ शकते, टायमर बसवून टाका. माज 5 ते 7 दिवस टिकतो आणि बीज सुटतं ते माज संपण्याआधीच्या एक-दोन दिवसांत. पहिल्याच दिवशी एकदा भरवून मोकळे झालात तर बहुतेक रिकामी राहते, दिवसाआड भरवा. चौदाव्या-सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून जुळं नाही ना ते बघा. घोडीला जुळं बहुधा झेपत नाही.

व्याल्यावर तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यालं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. यातलं काहीही लांबलं तर डॉक्टर बोलवा, सकाळची वाट बघू नका. चीक पूर्णपणे शिंगराचा. गर्भात असताना त्याला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं जवळजवळ मिळतच नाहीत, आणि आतडं ती शोषून घेतं ते पहिल्या दिवसापुरतं.

पहिला महिनाभर कासेला हात लावायचा नाही. नंतर सकाळी आठला शिंगरू वेगळं करा, पण घोडीला दिसेल, नाकाला नाक लागेल असं, मध्ये फक्त आडवा बांबू. त्याच्यापुढे सावली, पाणी, कोवळा रजका, भरडलेले ओट. दहा, बारा आणि दोन वाजता धार, मग शिंगरू मोकळं, रात्रभर आईजवळ.

धार काढणारा डाव्या अंगाला बसतो. उजवा गुडघा जमिनीला, डाव्या मांडीवर बादली, एक हात घोडीच्या मागच्या पायाभोवतून पलीकडे. कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची. दुसरा माणूस शिंगरू आणतो, ते चार-पाच घोट पितं, घोडी मान वळवून त्याला हुंगते, आणि तेवढ्यात सड टरारतात. हाच पान्हा. त्या क्षणी शिंगराला तिच्या तोंडाशी धरायचं आणि धार सुरू करायची. सगळं दीड-दोन मिनिटांत उरकतं. उशीर केला, आरडाओरडा झाला, अनोळखी माणूस समोर आला तर घोडी दूध चढवते. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देऊन दूध उतरवण्याचा मार्ग म्हशींच्या गोठ्यात सर्रास दिसतो, तो घोडीवर अजिबात वापरू नये. तशी सवय लागलेली घोडी पुढे शिंगरालाही नीट पाजत नाही.

सहा तासांत तीन धारांचं मिळून 2.4 लिटर निघालं, तर त्याला 24 ने गुणून 6 ने भागा: दिवसाचं एकूण 9.6 लिटर. आपल्या वाट्याला त्यातलं चतुर्थांश येतं. ते वाढवायला शिंगरू वेगळं ठेवण्याचा वेळ लांबवला की दोन आठवड्यांत शिंगराच्या फासळ्या दिसू लागतात. दर आठवड्याला छातीचा घेर मोजून लिहून ठेवा. वाढ थांबली तर धार थांबवा.

350 किलोच्या दुभत्या घोडीला रोज 12 किलो हिरवा रजका, 5 किलो सुकं गवत आणि तीन वेळांत मिळून सव्वादोन किलो चंदी: भरडलेले जव, ओट, थोडा भिजवलेला हरभरा. मीठ 30 ते 50 ग्रॅम, पाणी 40 ते 50 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून तोबराभर देऊ नका. त्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम कमी. दुधावाटे कॅल्शियम जात असताना शरीर ते हाडांतून ओढतं आणि थोबाडाची हाडं सुजतात. हिरव्या ज्वारीने घोड्यांना मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा विकार होतो. बुरशी आलेला मका मेंदू पोखरतो.

म्हशीचं तयार खाणदाण तर पागेत आणूच नका. काही मिश्रणांत मोनेन्सिन हे गुरांना देतात ते औषध असतं. गुराला जी मात्रा सोसते त्याच्या दहाव्या हिश्श्यातही घोडं हृदय निकामी होऊन दगावू शकतं. त्यावर उतारा नाही. एकाच पाटीतून म्हशीला आणि घोडीला दाणा घालणं म्हणूनच बंद करावं.

पावसाळ्यानंतर गोमाश्यांबरोबर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग येतो: चढउतार होणारा ताप, पोटाखाली सूज, खाऊनही खंगत जाणं. रक्ताची काचपट्टी लगेच तपासून घ्या. नवीन घोडी कळपात घेण्यापूर्वी ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची चाचणी झालीच पाहिजे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ती होते. हा रोग माणसाला लागतो, आणि चाचणीत दोष आढळला तर कायद्याने जनावर मारावं लागतं. त्यामुळे दूध कच्चं विकू नये: 63 अंशांवर 30 मिनिटं, मग ताबडतोब 4 अंशांपर्यंत थंड.

पाचव्या-सहाव्या महिन्यात आटवायला घ्या. आठवडाभर आधी चंदी बंद, धारा तीनवरून एकीवर, मग शिंगरू तोडायचं. तोडल्यावर कास टणक होते, ती बघून पिळायचा मोह होतो. पिळू नका, दाब आत राहिला तरच दूध आटतं. एकच बाजू गरम लागली, घोडी त्या पायाने आखडून चालू लागली किंवा सडातून गाठी आल्या तर मात्र तो कासदाह, आणि मग डॉक्टर लागतो.