आवाज येतोय, चित्र नाही

दिवाळीत साताऱ्याला गेलो की आई माळा काढायला लावतेच. यावेळी घंगाळाच्या मागे, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो, कंट्रोलर वगैरे शब्द नंतर आले), केशरी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट जिच्यावर ९९९९९९ इन १ असं छापलेलं होतं. त्यातले खरे गेम पाच की सहा, बाकी सगळे तेच परत परत फिरवलेले, पण तेव्हा एवढे नऊ बघूनच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलेलं.

भाचा म्हणाला, मामा लाव ना.

लावला. लाल दिवा लागला, टीव्ही काळाच, आणि त्या काळ्यातून कॅसेटच्या मेनूची ट्यून सुरू. अंगावर काटाच आला, कारण २५ वर्षं माळ्यावर पडलेली वस्तू लाईट लागल्याबरोबर गाणं म्हणते म्हणजे काय! आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे ते टिंग टिंग परत सुरू झालं का तुमचं?" चित्र मात्र नाही.

आता घरात चित्र नसलं की आमच्याकडे पहिला उपाय एकच, कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. मी मारली. भाचा बघत बसला की मामाला वेड लागलंय. खरं तर फुंकरीने काहीच होत नाही, उलट तोंडातली वाफ पिनांवर बसून त्या काळ्या पडतात, फरक पडतो तो कॅसेट काढून परत घातल्याने, पिना घासल्या जातात म्हणून. त्यापेक्षा साधं खोडरबर चांगलं. आणि तसंही हा आजार कॅसेटचा नव्हताच. कॅसेटमध्ये प्रोग्राम वेगळ्या चिपमध्ये असतो आणि चित्रांचे तुकडे वेगळ्या चिपमध्ये, चित्रांच्या पिना खराब असतील तर गाणं नीट वाजतं पण पडद्यावर भलत्याच अक्षरांची रांगोळी येते. आमच्याकडे रांगोळीसुद्धा नाही, नुसता अंधार. म्हणजे गेम जिवंत होता, आतल्या आत चालू होता, फक्त बाहेर दिसत नव्हता.

मग म्हटलं चालूच आहे तर खेळून बघू. स्टार्ट दाबलं, परत दाबलं, मारिओची ट्यून सुरू. उजवं बटण धरलं, मनात मोजलं आणि उडी मारली तर टिंग! नाणं. आंधळेपणाने. भाच्याने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने बघितलं. पुढच्याच सेकंदाला ती मेल्याची ट्यून वाजली, कारण तो पहिला मशरूमवाला मी विसरलो होतो, पण ते एक नाणं काय आनंद देऊन गेलं म्हणून सांगू.

दादाला फोन लावला. तो तिकडून, "चॅनल तीनवर लाव." अरे दादा, ते चॅनल तीन-चार, ते बारीक चाक फिरवत मुंग्यांमधून चित्र ओढून काढणं, ते ॲन्टेनाच्या वायरीतून गेम लावायचो तेव्हाचं. आता पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. "मग पिवळी कुठे घातलीस?" हा प्रश्न बरोबर होता. नवीन टीव्हीला पिवळं भोकच नाही, हिरवं, निळं, लाल आणि पांढरं. मी आपली अंदाजाने निळ्यात घातलेली. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर हिरव्याभोवती पिवळी कड, म्हणजे एकच भोक दोन कामाला. हिरव्यात घातली तर चित्र आलं पण कृष्णधवल, कारण टीव्ही कॉम्पोनंटवर होता, म्हणजे चित्र तीन वायरींतून येईल असं धरून बसलेला. सोर्स बदलून एव्ही केलं आणि आलं की रंगीत! निळं आकाश, ढग, सगळं. चार सेकंद. परत अंधार.

आता दोष गेमच्या बाजूचा. पिवळा जॅक बोटाने वर उचलून धरला की चित्र, सोडला की गायब. आतलं सोल्डर सुटलंय, दहा मिनिटांचं काम, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोण दुकान उघडून बसतोय.

मग लहानपणी व्हायचं तेच झालं, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने खेळायचं. तेव्हा धाकटा म्हणून मीच धरायचो, आता मोठा म्हणून मीच धरला. भाच्याला बंदूक हवी होती, बदकांचा गेम लावला. बदक उडालं, त्याने नेम धरला, धाड. काही नाही. परत धाड. तो पुढे सरकत सरकत बंदुकीची नळी पार पडद्याला टेकवून बसला, तरी बदक आपलं उडतंय.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन शोधतो. जुन्या डबा टीव्हीवर तो तिथल्या तिथे उमटायचा, हे नवीन टीव्ही चित्र आधी आत घेऊन सजवतात आणि मग दाखवतात, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. कितीही जवळून मारलं तरी लागायचं नाही.

हे त्याला समजावायला तोंड उघडलं तेवढ्यात गवतातून तो कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा धरून खिदळायला लागला.

"मामा, तू वायर नीट धर ना!"


मी अजून थोडी वर उचलली.