मगरीचे कान

शनिवार, रात्र

पाऊस थांबला, पण विश्वामित्री नदी अजून गढूळच आहे. २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरानंतर बडोदेकरांना एक सवय लागली आहे. पाणी वाढलं की आधी गाडी जागेवर आहे का बघायचं आणि मग गाडीखाली कोण आहे ते. तेव्हा मगरी सोसायट्यांच्या आवारात, रस्त्यांवर निवांत फिरत होत्या. एरवी काळ्या घोड्याच्या पुलावरून वाकून पाहायचं, दिसली तर पोरांना दाखवायची, संपलं.

भाचा इथे युनिव्हर्सिटीत झूऑलॉजी शिकतो, आज जेवायला आला होता. ह्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, "मठ्ठ जनावर. पडून राहणं आणि तोंड उघडणं, याच्यापलीकडे काय येतं त्याला?" पोरगं हातातला घास तसाच धरून म्हणालं, "काका, मगरीला बाख ऐकवलाय. एमआरआयमध्ये घालून."

मला आधी थट्टाच वाटली. पण खरं आहे. २०१८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या शास्त्रज्ञांनी नाईल मगरीची पिल्लं मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवली आणि एकदा साधे आवाज, एकदा बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत लावलं. गुंतागुंतीचं संगीत सुरू झाल्यावर मेंदूतले जे जास्तीचे भाग जागे झाले, त्यांचा नमुना पक्ष्यांच्या मेंदूत दिसतो त्याच्याशी जुळणारा निघाला. मगरीचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पक्षी. पाल नाही, सरडा नाही, तर चिमणी-कावळे! ह्यांना हे अजून पटलेलं नाही.

मला मात्र संगीतापेक्षा थेंबाची गोष्ट जास्त आवडली. मगरीच्या जबड्यावर काळसर बारीक टिपके असतात, मी फोटोत पाहिले होते आणि घाण समजून सोडून दिले होते. २००२ मध्ये डॅफ्नी सोअरेस या संशोधिकेने काळोखात, अर्धवट पाण्यात बसलेल्या अ‍ॅलिगेटरजवळ (मगरीचा अमेरिकेतला भाऊबंद) पाण्याचा एक थेंब टाकला. जनावर वळून थेट तिकडेच गेलं. कान बंद केले तरी गेलं. ते टिपके झाकले तेव्हा मात्र त्याला काहीच कळलं नाही. अ‍ॅलिगेटरला हे टिपके फक्त तोंडाभोवती असतात, आपल्या मगरीला अंगभर. म्हणजे पुलावरून लोक खाली शेंगांची टरफलं टाकतात, ते सगळं खाली पोचत असणार.

मग पोरानं रडण्याचा प्रयोग सांगितला. २०२३ चा, मोरोक्कोतल्या मगरींवरचा. माणसाच्या, चिंपांझीच्या आणि बोनोबो या चिंपांझीच्या जवळच्या वानराच्या बाळांचं रडणं स्पीकरवरून लावलं. माणसाच्या बाळाचं रडणं दोन तऱ्हेचं घेतलं होतं, आंघोळीच्या वेळचं आणि लस टोचतानाचं. रडणं जितकं कळवळून, तितक्या जास्त मगरी स्पीकरकडे आल्या. आणि बोनोबोचं बाळ खरंच किती कासावीस आहे, हे ओळखण्यात त्या माणसांपेक्षा सरस ठरल्या. आपण आवाज किती उंच लागला त्यावर जातो, त्या आवाज किती फाटला ते ऐकतात. बहुतेक भक्ष्याच्याच आशेने येत असतील, उगाच गहिवरायला नको. पण अंड्यातली पिल्लं फुटण्याआधी आतून हाक देतात, ती ऐकून आई घरटं उकरते आणि पिल्लांना त्याच जबड्यात धरून पाण्यात नेते. कान दोन्ही कामांना तेच.

काड्यांचं प्रकरण मला कच्चं वाटलं. मद्रासच्या मगर केंद्रात मगरी नाकावर काड्या ठेवून, घरट्यासाठी काड्या शोधणाऱ्या पक्ष्यांना फसवतात, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर अ‍ॅलिगेटरांवर मुद्दाम पडताळणी केली तेव्हा आधार मिळाला नाही. हुशार जनावर म्हटलं की लोकांना लगेच हत्यार वापरलेलंच दिसायला हवं असतं. मला थेंब पुरतो.

इथले लोक खोडियार मातेचं वाहन म्हणून मगरीला हात जोडतात. शेजारच्या भाभी तर पुलावरूनही जोडतात. आमच्या घरात हात जोडायचे ते गजेंद्रमोक्षातल्या हत्तीच्या बाजूने, नक्राला कोण विचारतो?

जाताना भाच्यानं अंड्यांचं सांगितलं. काठाच्या मातीत खड्डा करून मगर अंडी घालते. माती साडेबत्तीस अंशांच्या आसपास राहिली तर नर, त्याहून गार किंवा जास्त गरम असली तर बहुतेक माद्या. २०२५ मध्ये नदी खोल-रुंद करायचं काम निघालं ते नेमकं उन्हाळ्यात, अंड्यांच्या दिवसांत. पूर नकोच आहे आम्हाला, माझ्याही घराच्या पायरीला पाणी लागलं होतं. पण एक थेंब पडलेला जिला कळतो, तिला काठावर दिवसभर धडधडणाऱ्या जेसीबीचं काय होत असेल, हे विचारायचं राहिलं. उद्या फोन करते त्याला.