तीन टिंबांचा उच्चार

रविवारी दुपारी भाचा फायनल फॅन्टसी या व्हिडिओ गेमचा सहावा भाग खेळत होता. मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. थोड्या वेळाने लक्षात आलं, की पुस्तक मिटलंय आणि मी पडद्यावरचे संवाद मोठ्याने वाचतेय. "आत्या, मनात वाच ना," तो म्हणाला. मनात वाचायला तरी सवड कुठे होती! चौकट उघडली रे उघडली, की हा बटण दाबून मोकळा.

त्याला काय सांगणार, की एके काळी हे काम माझं होतं. त्याचा बाप खेळायचा, मी वाचायचे. पात्रं मुकी, अक्षरं एकेक करत उमटायची आणि दादाला वाचायचा भयंकर कंटाळा. मग प्रत्येकाला गळा देणं ओघानेच माझ्याकडे आलं. त्यामुळे कोणता भाग श्रेष्ठ यावर लोक हमरीतुमरीवर येतात तेव्हा माझी मोजपट्टी एकच असते: वाचायला कोणता बरा होता?

सहावा, 1994चा. वादच नाही. खेळायला चौदा जण, म्हणजे चौदा आवाज, वर खलनायक केफ्काचं ते हसणं. ऑपेराच्या प्रसंगात गाणाऱ्या सेलिसच्या ओळी बरोबर निवडाव्या लागतात. दादा हटकून विसरायचा आणि मी विंगेतून सांगावं तशी कुजबुजायचे. 2022च्या नव्या आवृत्तीत तो ऑपेरा खरोखरच गातात. चांगलं गातात. गाऊ देत.

केफ्का अर्ध्यावरच जग मोडून टाकतो. वर्षभराने सेलिस एका ओसाड बेटावर जागी होते, सोबतीला फक्त म्हातारा सिड, आणि तोही आजारी. किनाऱ्यावरचे मासे पकडून त्याला खाऊ घालायचे. चपळ मासे गुणकारी आणि सुस्त मासे घातक, हे आम्हाला कुठे ठाऊक! सुस्त मासे हाती लवकर लागतात, म्हणून दादा तेच आणायचा. मी सिडची वाक्यं खोकत खोकत वाचायचे. खोकला मला फार छान जमला होता. मग एकदा सिड बोललाच नाही. सेलिस कड्यावर गेली, तिथून तिने उडी घेतली, आणि दादाने माझ्याकडे पाहिलं, जणू माझ्या खोकल्यानेच तो गेला. सेलिस वाचते. सिड जगला काय, मेला काय, तराफा मिळतो आणि गोष्ट पुढे सरकते. कुणी जाब विचारत नाही. हे मला अजून टोचतं.

जग दर भागात नवं, माणसं नवी, तरी दुसऱ्या भागापासून सिड नावाचा कुणीतरी भेटतोच. सातव्यात तो धूर सोडणारा वैमानिक, आठव्यात मवाळ मुख्याध्यापक, नवव्यात जादूने किडा झालेला राज्यकर्ता. मी सगळ्यांना बेटावरच्या सिडचाच आवाज द्यायचे, खोकला वगळून.

सातव्याबद्दल (1997) बोलायचं म्हणजे नायकाच्या सोबतीतल्या एरिथच्या मरणाबद्दल बोलायचं. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती जाते, आणि लगेच सुरू होणाऱ्या लढाईत लढाईचं संगीत वाजतच नाही, तिचीच धून चालू राहते. दादाकडे फिनिक्स डाउनचा ढीग होता. लढाईत पडलेल्या कुणालाही तो त्याने उठवायचा, म्हणून आता का चालत नाही, असा त्याचा रास्त सवाल. मला मात्र तिथे वाचायला फारसं काहीच नव्हतं.

आठव्यात (1999) माझी खरी परीक्षा झाली. नायक स्क्वॉल. समोरचा पोटतिडकीने चार ओळी बोलतो आणि हा उत्तर देतो: तीन टिंबं. ती वाचायची कशी? मी आधी उसासा टाकून पाहिला, मग घसा खाकरला, मग नुसतीच दादाकडे बघत बसले. "काय म्हणाला?" "काही नाही." "मग चौकट कशाला आली?" त्याच्या मनातलं मात्र पानभर लिहिलेलं असे, तेही मीच वाचायचे, हळू आवाजात. यातली बहुतेक मंडळी एकाच अनाथाश्रमात वाढली आणि ते विसरूनही गेली, हा उलगडा मला तेव्हाही पटला नव्हता, आजही नाही. स्क्वॉल पटला. असा मुलगा आमच्या घरातच होता.

नवव्यात (2000) विवी. त्याच्यासारखे काळे जादूगार बनवलेले असतात आणि त्यातले बरेच वर्षभरातच संपतात. त्यांना मरण हा शब्द नीट ठाऊक नाही. कुणी गेला की ते म्हणतात, तो थांबला. शेवटी विवीचे शब्द येतात, पत्रासारखे. ते मला पुरे वाचता आले नाहीत. दादा बटणावर अंगठा ठेवून थांबला होता, एवढं आठवतं.

आणि 2001मध्ये दहावा आला नि पात्रं स्वतःच बोलायला लागली. माझी नोकरी गेली. मी दोन दिवस त्या खोलीत फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी दाराशी उभी राहून ऐकताना जाणवलं, की एवढी सगळी बोलतात पण नायकाला नावाने कुणीच हाक मारत नाही. नाव आपण ठेवायचं असतं ना, मग ध्वनिमुद्रणात ते येणार कसं! दादाने सवयीप्रमाणे स्वतःचं नाव दिलं होतं. मग मी शेजारी जाऊन बसले आणि नायिका युना जिथे जराशी थांबेल तिथे ते नाव घालायला लागले. एरवी मी त्याला नावाने हाक मारली असती तर पाठीत धपाटा बसला असता. तिथे तो मुकाट्याने ऐकायचा. पुढच्या आयुष्यातही मी त्याला एवढ्या वेळा नावाने बोलावलेलं नाही.

परवा भाचा त्याच बेटावर पोहोचला. "चपळ मासे पकड," मी म्हटलं. "माहितीये गं," तो म्हणाला. चारदोन मासे झाले आणि सिड उठून उभा राहिला. आमच्याकडे तो कधी उठलाच नव्हता, त्यामुळे पुढचं वाक्य मला पाठ नव्हतं. चौकट उघडली. मी चष्मा लावेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं.