रिकर्व्हची नोंद, वर्ष तिसरं: गोगामाचं अस्वल

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की या वर्षी एकच गोष्ट शिकायची: बाण न सोडणं. आता कॅनडात, उत्तर ओन्टारिओतल्या गोगामाचा अस्वलाच्या शिकारीचा हंगाम संपला आहे, मांस फ्रीजरमध्ये आहे आणि हातात थोडा वेळ आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो. नव्याने रिकर्व्हसारख्या (टोकं पुढे वळलेल्या, बिनचाकांच्या) पारंपरिक धनुष्याकडे वळलेल्यांसाठी मोजमापं जशीच्या तशी देतोय.

मागच्या वर्षीच्या जूनमध्ये काय घडलं होतं ते आधी सांगतो. अस्वल पुढ्यात उभं होतं. दोरी गालापर्यंत यायच्या आतच बोटं सुटली आणि बाण आमिषाच्या पिंपापलीकडे जमिनीत घुसला. अस्वलाला ओरखडाही आला नाही, पण चार बोटं इकडेतिकडे झाला असता तर एक जखमी जनावर जंगलात हिंडत मेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात. कम्पाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य वापरणाऱ्यांना ते होतंच, पण बोटांनी दोरी धरणाऱ्यांना जास्त छळतं. नेम नजरेत आला की मेंदू आपल्याला न विचारता हात सोडतो.

जानेवारी ते मार्च, बेसमेंट

पहिले सहा आठवडे निशाण लावलंच नाही. पाच यार्डांवर कोरा गठ्ठा, रोज तीस बाण, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि चार मोजायचे. त्यातले दहा बाण सोडायचेच नाहीत. ओढलेली दोरी सावकाश, आवाज न करता परत जागेवर आणायची. इंग्रजीत याला लेट-डाऊन म्हणतात. सांगायला सोपं आहे, पण 50 पाउंडांच्या वर ओढलेलं धनुष्य हलक्या हाताने परत आणणं हे ओढण्यापेक्षा अवघड काम आहे. खांद्यामागचे स्नायू पहिल्या आठवड्यात इतके दुखले की शर्ट घालताना जाणवायचं.

सातव्या आठवड्यापासून माझी नऊ वर्षांची लेक मदतीला आली. मी अँकरला, म्हणजे बोट ओठाला टेकतं त्या ठरलेल्या जागी, पोचलो की ती मागून एकच शब्द सांगायची, ‘सोड’ किंवा ‘ठेव’. कोणता येणार ते मला ठाऊक नसायचं. पहिल्या दिवशी तिच्या ‘ठेव’वर पाचपैकी चार बाण सुटले. मार्चच्या शेवटी सलग चाळीसमध्ये एकही सुटला नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी महागडी क्लिकर-यंत्रं (ओढ पूर्ण झाली की टक्क वाजणारी) घेण्याआधी घरातलं एखादं माणूस मागे उभं करून बघावं, असं मी मनापासून सांगेन.

रात्री वाचन चालू होतं. पारंपरिक धनुष्याने शिकार करणाऱ्यांना इशी हे नाव माहीत असतंच. अमेरिकेतल्या ‘याही’ (Yahi) नावाच्या आदिवासी जमातीचा तो शेवटचा माणूस 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एकटा सापडला आणि 1916 मध्ये क्षयाने गेला. मधल्या काळात सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य बनवणं आणि शिकार शिकून घेतली. पुढे पोप आणि आर्थर यंग यांनी 1920 मध्ये यलोस्टोनमध्ये लाकडी धनुष्यांनी ग्रिझली (मोठी तपकिरी अस्वलं) मारली, तीही संग्रहालयासाठी. ग्रिझलीची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र इशीचं धनुष्य जास्त विचार करायला लावतं. ते ओढायला साधारण 45 पाउंडांचा जोर लागायचा, म्हणजे माझ्यापेक्षा हलकं. गोल निशाणावर तो काही फार मोठा नेमबाज नव्हता. पण जनावराच्या किती जवळ जायचं आणि तिथे किती वेळ थांबायचं, हे त्याला कळत होतं. सगळी ताकद त्या थांबण्यात होती.

एप्रिल, बाण

धनुष्य तेच आहे: 62 इंची टेकडाउन (भाग सुटे करता येणारं) रिकर्व्ह, 28 इंचांवर 52 पाउंड. माझी ओढ साडेसत्तावीस इंच, त्यामुळे बोटांवर 51 येतात. ओन्टारिओत अस्वलासाठी 700 मिलिमीटर ओढीवर किमान 22 किलो, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस पाउंड लागतात. तेव्हा नियमात बसतो, पण फार मोकळीक नाही. उंची कमी आणि ओढ आखूड असलेल्या आपल्या लोकांनी धनुष्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. तो 28 इंचांचा असतो. आपल्या ओढीवर काटा लावून मोजा.

बिनपिसाचा बाण मारून बघत बाणांची धनुष्याशी जुळवणी केली. 150 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) टोकाला 20 यार्डांवर तो पिसांच्या बाणांपासून वीतभर डावीकडे पडत होता. मी उजव्या हाताचा, म्हणजे शाफ्ट (बाणाची काठी) जास्त ताठ. टोक 200 ग्रेनचं केलं, आत पितळेचा 50 ग्रेनचा इन्सर्ट घातला, आणि दोन्ही बाण एकमेकांना खेटून लागायला लागले. बाणाचं एकूण वजन 580 ग्रेन. वेग सेकंदाला 162 फूट. कम्पाउंडच्या निम्म्याच्या जरा वर, पण जड बाण आत शिरतो आणि धनुष्यही शांत होतं.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार टोक, दोन पात्यांचं, 28 मिलिमीटर रुंद. कायद्याला 22 पुरतात. धार हा माझा हळवा विषय आहे. आधी कानशीने, मग 400 आणि 1000च्या दगडावर, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. हातावरचे केस न ओढता निघाले पाहिजेत. धनुष्याचा बाण धक्क्याने मारत नाही. फुप्फुसातून स्वच्छ आरपार गेला तर जनावर काही सेकंदांत पडतं. बोथट पातं रक्तवाहिनी बाजूला ढकलतं, कापत नाही, आणि त्याची किंमत जनावर मोजतं.

मे, जागा

मिसिसागाहून सडबरी आणि तिथून हायवे 144 ने वर गोगामा, गाडीने साडेसहा-सात तास. स्प्रूस, जॅकपाइन, मधून मधून पॉपलर आणि भूर्ज. माझे जोडीदार साठीच्या पुढचे, जन्म जंगलातल्या लाकूडकामात गेलेला, बोलतात फ्रेंच आणि मोजकं इंग्रजी. त्यांच्याकडून तीन वर्षांत जे शिकलो ते कुठल्याही व्हिडिओत मिळालं नाही.

ओन्टारिओतली वसंतातली अस्वल-शिकार 1999 मध्ये बंद झाली होती. 2014 मध्ये ती काही भागांत चाचणी म्हणून परत आली आणि 2021 पासून कायम झाली. 1 मे ते 15 जून. पिल्लू किंवा पिल्लांसोबतची मादी मारायला सक्त मनाई. आमिष लावून बसण्यावर बरेच जण नाक मुरडतात, तुमच्यापैकीही काही असतील. माझं मत अनुभवाने बनलंय. या घनदाट झाडीत अस्वल दहा सेकंद दिसलं तर नशीब. पिंपापाशी ते दहा-वीस मिनिटं थांबतं, त्यामुळे नर की मादी, मागे पिल्लं आहेत का, हे नीट बघता येतं. आखूड पल्ल्याच्या हत्याराला ही उसंत हवीच.

ओट्स, काकवी आणि हॉटेलातलं वापरलेलं तळणीचं तेल, एवढंच आमिष. मचाण पिंपापासून 14 यार्डांवर, फक्त चार मीटर उंच. जास्त उंच बसलं की कोन तिरपा होतो आणि बाण एकाच फुप्फुसातून निघून जायची भीती वाढते. घरामागे शिडीवर उभं राहून, कमरेतून वाकून रोज दहा बाण मारत होतो ते याचसाठी. पिंप 205 लिटरचं, उंची 88 सेंटिमीटर. त्याच्या शेजारी उभ्या अस्वलाची पाठ कुठवर येते यावरून आकार कळतो. कान डोक्याच्या दोन्ही कडांना, लांब लांब आणि छोटे दिसले तर मोठा नर. कान टवकारलेले आणि डोक्याच्या मानाने मोठे दिसले तर पोरगेलं जनावर, हात आवरायचा.

4 जून

संध्याकाळी पाचला बसलो. काळ्या माश्यांनी जाळीतूनही कानामागे वाट काढली. साडेसातला मादी आली, मागे दोन पिल्लं. धनुष्य खुंटीवरच राहू दिलं. एक पिल्लू माझ्या शेजारच्या पॉपलरवर चढलं, जवळपास माझ्या उंचीला, आणि फांदीवर बसून कोवळी पानं खायला लागलं. अर्धा तास मी पापणीही जपून हलवली. आईने वारा हुंगला, घशातून एक हलका आवाज काढला, आणि पोर बुंध्यावरून सरसर खाली. संपूर्ण हंगामातली माझी सगळ्यात आवडती संध्याकाळ हीच.

5 जून

छातीवर पांढरा चंद्रकोरीसारखा डाग असलेला नर. कॅमेऱ्यात दोन आठवडे दिसत होता. आठ वाजून गेले होते. आला तो आवाज न करता. एवढं जड जनावर वाळक्या काटक्यांवरून मांजरासारखं चालतं हे दर वेळी नव्याने पटतं. पिंपाशी आडवा उभा राहिला, मी ओढलं, अँकरला आलो. आणि त्याने वळून छाती माझ्याकडे केली.

समोरून मारायचं नाही. खांद्याची हाडं, जाड छाती, मधली जिव्हारी लागायची जागा मुठीएवढी. मी मनात मोजत होतो, तीन, चार, पाच. तो वळेना. लेकीचा ‘ठेव’ आठवावाही लागला नाही, हात आपोआप पुढे जायला लागला. दोरी इंच इंच परत आली. बाण रेस्टवर (धनुष्यावर तो टेकतो त्या जागी) जरासा घासला तेवढा आवाज त्याने ऐकला. मान वर करून त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं, सावकाश वळला आणि झाडीत गेला.

खाली उतरलो तेव्हा पाय कापत होते. पण आतून इतकं हलकं वाटत होतं की जोडीदारांना वॉकी-टॉकीवर काय झालं ते दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “तू आज शिकारी झालास.” ही नोंद इथेच संपवली असती तरी वर्ष सार्थकी लागलं असतं.

7 जून

6 ला दिवसभर पाऊस. 7 ला वारा वायव्येचा, स्थिर. तोच चंद्रकोरीचा नर आठला आला. या वेळी पिंपाच्या डावीकडून, माझ्याकडे उजवी कूस. पुढचा उजवा पाय मागे होता, म्हणजे फुप्फुसावर दंडाचं हाड. थांबलो. त्याने पिंपात मुंडकं घातलं आणि ओट्स ओढायला पाय पुढे टाकला.

हरणाच्या सवयीने खांद्याला चिकटून मारायचं नाही, हे जोडीदारांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. पोटाखाली केस लोंबतात, त्यामुळे दिसतं ते शरीर आणि खरं शरीर यांच्या कडा वेगळ्या असतात. केस धरून मधोमध मारलं तर बाण वाटतं त्यापेक्षा खाली बसतो. त्या काळ्या अंगावर मी केसांचा एक उलटा फिरलेला पुंजका धरला. ओढलं. बोट ओठाला लागलं. सोडलेलं आठवत नाही. पिसं त्या पुंजक्यात बुडाली आणि बाण पलीकडे शेवाळात उभा राहिला.

तो एकदा घुरघुरला आणि उजवीकडे पळाला. फांद्या मोडल्या, मग सगळं थांबलं. थोड्या वेळाने झाडीतून तो लांब, खोल कण्हण्याचा आवाज आला. शेवटच्या श्वासाचा हा आवाज सगळीच अस्वलं काढत नाहीत. ज्याने ऐकला तो विसरत नाही. मी टोपी काढून तसाच बसून राहिलो.

चाळीस मिनिटांनी, उजेड असतानाच, आम्ही दोघं माग काढायला निघालो. बाण आरपार गेला असूनही पहिल्या वीस पावलांत रक्ताचे चार थेंब मिळाले. जाड केस आणि चरबी रक्त पिऊन टाकतात, म्हणून अस्वलाचा माग हरणापेक्षा फार अवघड. रक्तापेक्षा उलटलेलं शेवाळ आणि मोडलेली फर्न यांवर चाललो. बासष्टाव्या पावलावर तो होता, पडलेल्या जॅकपाइनला टेकून. दोन्ही फुप्फुसं. आतडी काढल्यावर काट्यावर 83 किलो भरला.

त्यानंतर

मांसाबद्दल ठळक लिहितो. अस्वलात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि उत्तरेकडची त्याची जात गोठवून मरत नाही. आत 74 अंश सेल्सियस गेलंच पाहिजे, थर्मामीटर घालून बघा. आमच्याकडे प्रेशर कुकर आहे, त्यामुळे प्रश्न आला नाही. नागपुरी सावजी मसाल्यात मागच्या पायाचं मांस चार शिट्ट्या आणि मग मंद आचेवर तासभर. बायको आधी हात लावायला तयार नव्हती, नंतर तिनेच रस्सा वाढून घेतला. वसंतातल्या अस्वलावर चरबी थोडीच, वितळवून एक बाटली निघाली. बोटांच्या चामडी टॅबला आणि बुटांना तीच लावतोय. कातडं कमावायला दिलंय. पित्ताशय वेगळं काढून जवळ ठेवणं इथे गुन्हा आहे, नवख्यांनी लक्षात ठेवा. शिकारीनंतरची सरकारी प्रश्नावली भरून झाली.

बाबांना फोन केला. आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं. तिथे मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचणाऱ्या बाया आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात, आणि अस्वलाने फाडलेली माणसं बाबांनी पाहिली आहेत. आपल्याकडचं ते अस्वल वेगळ्या जातीचं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित, त्याला हात लावायचा प्रश्नच नाही, आणि तसंच राहावं असं मलाही वाटतं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अस्वलाच्या वाटेले कायले गेला रे बाप्पा? आन् तेबी बाणानं?” मी त्यांना 5 तारखेची गोष्ट सांगितली, दोरी परत आणल्याची. 7 ची सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मंग थ्यानं तुह्याकडं पाह्यलं?” पाहिलं, म्हणालो. “किती वेळ?” तेवढंच त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं.

बाण धुतला. शाफ्ट सरळ आहे, पात्याच्या एका कडेला बरगडीची बारीक खाच पडली होती, ती दगडावर काढली. उजव्या पिसावरचा तपकिरी डाग मात्र राहिला आहे. दोरीचे धागे अँकरच्या जागी फुगलेत, नवी वळायला घेतली आहे. सोळा धाग्यांची होती, या वेळी चौदाची करून बघतो.