डागाळलेलं पान आणि नको असलेली फवारणी

संत्र्याच्या सालीवरचा करडा चट्टा अनेकदा फुलकिड्यांचा असतो. फळ गोटीएवढं असताना किडीनं साल खरवडलेली असते आणि फळ वाढतं तसा व्रण पसरतो. आतल्या फोडींना काहीच होत नाही. तरी असं फळ बाजूला पडतं म्हणून निव्वळ देखणेपणासाठी फवारण्या होतात. मला हा विषारी हट्ट वाटतो.

पानावरच्या भोकांचंही तेच. सोयाबीनची फुलोऱ्याआधी ३० टक्क्यांपर्यंत पानं खाल्ली गेली तरी उत्पादन सहसा घटत नाही. फुलोऱ्यानंतर मर्यादा २० टक्क्यांच्या आसपास. शेंग किंवा फळ पोखरणाऱ्या अळीला मात्र ही सवलत नाही, तिथे लगेच हात हलवावा लागतो.

मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, दिसला की पान उलटून भिंगातून पाहा. काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसतील. काहींच्या पाठीवर गोल भोक असेल. माव्याच्या आत वाढून त्याला मारणारी बारीक परोपजीवी गांधीलमाशी त्यातून बाहेर पडलेली असते. अशा वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं रासायनिक कीटकनाशक मारलं तर आधी हे मित्रकीटक मरतात, मग मावा आणि रस शोषणारे कोळी (कोळीकीड) दुप्पट जोमानं येतात.

फवारायचंच तर आधी ५ टक्के निंबोळी अर्क. १० लिटरच्या पंपाला अर्धा किलो सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. २० ग्रॅम साबण वेगळा विरघळवून मिसळा आणि पाणी घालून १० लिटर करा. निंबोळीला बुरशी असेल तर ती घेऊच नका. उकळूही नका. ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर चालणारं द्रव्य, उन्हात आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर नासतं, म्हणून अर्क त्याच दिवशी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असा मारा. त्या वेळी मधमाश्याही फुलांवर नसतात.

दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या की लोक अर्काला नावं ठेवतात आणि जहाल औषध आणतात. पण हा अर्क अळीचं खाणं बंद पाडतो आणि तिची कात नीट निघू देत नाही. त्याला वेळ लागतो. लहान अळ्यांवर चालतो, मोठ्यांवर फारसा नाही. मोजणी चार-पाच दिवसांनी करा, आणि तीही जुनी भोकं न मोजता नवीन पानांवरची ताजी कुरतड पाहून.